रुपया आधीं कीं आंकडा आधीं?

व्याकरणकार शब्दांचा विचार करतात आणि गणिती आंकड्यांचा करतात. परंतु शब्द व आंकडा यांच्या सीमेवर उभें राहणारें जें पैशाचें चिन्ह, त्याला वाली कोणीच नाहीं. त्यामुळें ज्याच्या मनास येईल तेथें तो तें उभें करतो. शहापूर आणि मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतले दोन डोंगराळ तालुके. तेथील बाजारपेठांतून पाट्या वाचीत एकदां फिरून यावें, म्हणजे या अराजकाची कल्पना येते. एका पाटीवर ‘₹ ५०’, तिच्या शेजारीं ‘५० ₹’, पलीकडे ‘रु. ५०/-’, आणि एखाद्या पावतीवर तर ‘₹ ५०/- रुपये फक्त’ असा चौपदरी थाट! महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचें इंग्रजी लेखन तपासतांनाही हाच प्रकार दृष्टीस पडतो. वाक्याचें व्याकरण बिनचूक असतें, पण रक्कम कधीं डोक्यावर उभी असते, कधीं पायांवर.

ही बाब क्षुल्लक आहे, रक्कम कळली म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटेल. आमचें मत तसें नाहीं. रक्कम केवळ कळावी म्हणून लिहावयाची नसते. ती मागून कोणास बदलतां येऊं नये म्हणूनही लिहावयाची असते. ह्या दोन गरजा भिन्न आहेत, आणि चिन्हाच्या स्थानाचा सारा घोटाळा त्या एकत्र कालविल्यामुळें झाला आहे.

१५ जुलै २०१० रोजीं भारत सरकारनें रुपयास स्वतंत्र चिन्ह दिलें. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें अभ्यास केलेले डी. उदय कुमार यांनीं तें रेखाटलें. नागरी ‘र’ आणि उभा दांडा गळालेलें रोमन ‘आर’ यांचा त्यांत संगम आहे. माथ्यावर शिरोरेखाही आहे. २०११ पासून तें नाण्यांवर आलें, पुढें नोटांवर आलें, आणि आज तें संगणकाच्या व दूरध्वनीच्या कळफलकावरही बसलें आहे. चिन्ह असें घरोघरीं पोहोंचलें. त्याच्या वापराची शिस्त मात्र वाटेंतच कोठें तरी राहिली.

या प्रश्नावर दोन पक्ष आढळतात. पहिला पक्ष म्हणतो, इंग्रज लोक पौंडाचें चिन्ह आंकड्याआधीं लिहितात, जगाचा व्यापार इंग्रजींत चालतो, तेव्हां आपणही मुकाट्यानें तसेंच लिहावें. दुसरा पक्ष स्वभाषाभिमानी आहे. तो म्हणतो, आपण ‘पन्नास रुपये’ बोलतों, ‘रुपये पन्नास’ बोलत नाहीं. मग चिन्ह आधीं लिहिणें ही इंग्रजीची निव्वळ नक्कल होय. दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही कीं, चिन्ह आधीं लिहिणें हा इंग्रजी भाषेचा स्वभाव आहे. आमच्या मतें ह्या गृहीतासच आधार नाहीं.

इंग्रज माणूसही तोंडानें ‘पन्नास पौंड’ असेंच म्हणतो. त्याच्या बोलण्यांत आंकडा आधीं, नाणें मागून. इतकेंच नव्हे, तर मध्ययुगांतील इंग्रजी जमाखर्चांत लेखनाचीही तीच रीत होती. रोमन आंकडा लिहून झाल्यावर ‘लिब्रा’ ह्या लॅटिन शब्दाचें लघुरूप लिहीत. त्याच लघुरूपापासून पौंडाचें आजचें चिन्ह बनलें, आणि पुढें केव्हां तरी तें आंकड्याच्या उजवीकडून डावीकडे आलें. शिलिंग व पेनी यांचीं अक्षरें मात्र उजवीकडेच राहिलीं. १९७१ सालीं ब्रिटननें दशमान चलन स्वीकारीपर्यंत एकाच रकमेंत पौंड पुढें आणि शिलिंग-पेन्स मागें अशी वरात चालत असे. अमेरिकेंत डॉलरचें चिन्ह आधीं, पण सेंटचें मागून. कॅनडांत तोच डॉलर इंग्रजी मजकुरांत आधीं व फ्रेंच मजकुरांत मागून. यूरोचीही तीच गत: इंग्रजींत आधीं, फ्रेंच-जर्मनांत मागून. आणि आपल्या शेजारच्या गोव्यांत १९५९ सालीं पोर्तुगीज सरकारनें रुपया बंद करून एस्कुदो चालू केला, त्या एस्कुदोचें चिन्ह तर पूर्णांक आणि शतांश यांच्या मध्यें, दशांशचिन्हाच्या जागीं, बसत असे. डावें, उजवें आणि मधलें, अशीं तिन्ही स्थानें सुधारलेल्या राष्ट्रांनीं चालविलीं आहेत. यांतलें एक निसर्गसिद्ध आणि बाकीचीं अशुद्ध असें म्हणण्यास जागा नाहीं.

आतां स्वभाषाभिमानी पक्षाकडे वळूं. त्याच्या आक्षेपाचें उत्तर शोधण्यास शहापूर-मुरबाडच्या बाहेर फार लांब जावें लागत नाहीं. ह्या तालुक्यांतून जे घाट चढतात त्यांच्या माथ्याकडे पाहिलें म्हणजे पुरे. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून जुनी पायवाट नाणेघाटांत चढते व जुन्नरकडे जाते. शहापूर तालुक्यांतून कसाऱ्याचा घाट चढला कीं इगतपुरीवरून नाशिक गांठतां येतें. कोंकणचा माल देशावर नेणाऱ्या ह्या वाटा. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा होता असें लोक परंपरेनें सांगत आले आहेत. पैशाच्या ह्या राजमार्गांवर पैशाचे जुने लेखही असावेत हें ओघानेंच आलें, आणि ते आहेत.

नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे. तो इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. तिच्या घराण्यानें केलेल्या यज्ञांची आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, वस्त्रें आणि कार्षापण. आपल्या देशांतील अतिप्राचीन अंकलेखनाच्या नमुन्यांत ह्या लेखाची गणना होते. त्यांत गायींचा हिशेब कसा मांडला आहे? आधीं ‘गायी’ हा शब्द आणि त्यापुढें संख्या. बोलतांना आपण ‘अकराशें गायी’ म्हणूं. यादी करणारानें आधीं वस्तूचें नांव घालून मग संख्या घातली. आजचा वाणीही यादी करतांना ‘तांदूळ ५ किलो, गूळ २ किलो’ असेंच लिहितो. हा यादीचा स्वभाव आहे. त्यांत इंग्रजीचा संबंध नाहीं.

दुसरा लेख नाशिकच्या लेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा. तो इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला. त्यानें भिक्षुसंघास ३,००० कार्षापणांची कायम ठेव दिली. तेथें क्रम कसा आहे तें लक्षांत घेण्यासारखें आहे: आधीं नाण्याचें नांव, मग अक्षरी रक्कम, आणि शेवटीं आंकडा. आजच्या चेकावर ‘रुपये’ हा शब्द, पुढें अक्षरी रक्कम आणि बाजूच्या चौकटींत आंकडा असतो. तीच ही रीत! ती ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली होती. २,००० कार्षापणांवर दरमहा शेंकडा एक आणि उरलेल्या १,००० वर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें होतें. त्या ‘पाऊण’ करितां लेखांत जो प्राकृत शब्द आहे, तो आपल्या ‘पाऊण’ शब्दाचा पूर्वज आहे हें कानालाच कळतें. वीस भिक्षूंस वर्षाकाठीं वस्त्रांकरितां प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे, म्हणजे २४०. दोन हजारांचें वर्षाचें व्याजही नेमकें तितकेंच. हिशेब चोख आहे, आणि त्या चोख हिशेबांत नाणें आंकड्याच्या आधीं आहे. तेव्हां हा क्रम इंग्रजांनीं शिकविला असें म्हणणें म्हणजे आपल्याच घाटावरचे लेख न वाचतां परकीयांस श्रेय देणें होय.

मग खरा भेद कोणता? आमच्या मतें तो इंग्रजी आणि मराठी यांच्यांतला नसून वही आणि वाणी यांच्यांतला आहे. वाणी आंकडा आधीं सांगते, कारण ऐकणारास ‘किती’ हें प्रथम हवें असतें. वही नाणें आधीं लिहिते, कारण वहीला संशय असतो. आंकड्याच्या डावीकडे मोकळी जागा राहिली तर ५०० चे १,५०० व्हावयास एक रेघ पुरते. तेथें चिन्ह चिकटून बसलें कीं ती जागा बुजते. पण उजवी बाजू उघडीच असते. तेथें एक शून्य वाढविलें कीं रक्कम दसपट. ती बाजू बुजविण्यास ‘/-’ ही खूण आपल्याकडे उपयोगी पडली. तिचा जन्म निराळ्या कारणानें झाला. इंग्रजांच्या शिलिंगाच्या हिशेबांत तिरप्या रेघेच्या डावीकडे शिलिंग आणि उजवीकडे पेन्स. पेन्स नसले म्हणजे नुसती आडवी रेघ. आपण ती उचलली आणि रुपयाच्या शेपटीला बांधली. १ एप्रिल १९५७ रोजीं आणे-पै जाऊन रुपयाचे शंभर नये पैसे झाले. ब्रिटनमध्यें शिलिंगही गेला. पण आपल्या पावत्यांवर ती रेघ अजून टिकून आहे. गड कोसळला तरी दरवाजाची चौकट उभी राहते, तसा हा प्रकार आहे.

आपल्या जुन्या मोडी वह्यांस ही उसनी रेघ लागत नव्हती. तेथें रुपयांच्या आंकड्यामागून पावल्यांच्या उभ्या रेघा येत: एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, आणि त्यांच्याही मागून आण्यांच्या बारीक रेघा. ‘५॥’ लिहिलें कीं साडेपांच. ह्या लेखनांत अपूर्णांकच आंकड्याच्या उजवीकडे कडी घालीत असे. दशमान पद्धतीनें हिशेब सोपा केला, परंतु ती कडी निघून गेली.

वहीचा न्याय असा समजून घेतला म्हणजे पुढचा प्रश्न उरतो: वहींतला हा क्रम सलग गद्यांत आणावा काय? येथें मात्र इंग्रजी आणि मराठी यांच्या वाटा खरोखरच वेगळ्या होतात, आणि त्याचें कारण अभिमान नसून व्याकरण आहे. इंग्रजींत संबंध दाखविणारे शब्द नामाच्या आधीं येतात. ‘पन्नास रुपयांकरितां’ म्हणावयाचें असलें तर ‘करितां’ ह्या अर्थाचा शब्द आधींच येऊन गेलेला असतो. मागून ‘₹५०’ आलें तरी कांहीं बिघडत नाहीं. मराठींत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययें नामास मागून चिकटतात. ‘पन्नास रुपयांस’, ‘पन्नास रुपयांची’, ‘पन्नास रुपयांवर’: प्रत्यय ‘रुपये’ ह्या शब्दास लागला आहे व त्याचें सामान्यरूपही झालें आहे. आतां ‘₹५०ची भाजी’ असें लिहिलें तर ‘ची’ कोणास लागली? आंकड्यास लागली म्हणावें तर भाजी पन्नासची झाली, रुपयांची नाहीं; चिन्हास लागली म्हणावें तर चिन्ह पलीकडच्या टोकाला! वाचणाऱ्या डोळ्यास आधीं पुढें जाऊन, मग मागें येऊन, पुन्हां प्रत्यय उचलण्यास पुढें जावें लागतें. आजची वृत्तपत्रें जागा वांचविण्याकरितां अशीं वाक्यें सर्रास छापतात. त्यांत दोन अक्षरें वांचतात, पण वाक्य लंगडें होतें.

ह्याचा पुरावा प्रत्येकाच्या खिशांत आहे. शंभराची नोट काढून पाहावी. तिच्यावर आंकड्याशेजारीं चिन्ह आहे तें आंकड्याच्या आधीं. त्याच नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांची जी पट्टी आहे, तिच्यांत मराठीची ओळ ‘शंभर रुपये’ अशी आहे. ‘रुपये शंभर’ अशी नाहीं. आंकडा मांडतांना वहीचा क्रम, भाषा लिहितांना वाणीचा क्रम: दोन्ही एकाच कागदावर आपापल्या जागीं सुखानें नांदतात.

तेव्हां विद्यार्थ्यांस व लेखकांस आमची सूचना पुढीलप्रमाणें आहे. इंग्रजी लिहितांना चिन्ह आंकड्याआधीं, त्यास चिकटून लिहावें. मागून पुन्हां ‘रुपीज’ हा शब्द जोडूं नये, कारण तसें केल्यानें एकाच रकमेंत रुपया दोनदां मोजला जातो. चिन्हाऐवजीं जुनें लघुरूप वापरावयाचें असेल तर तेंही आधींच येतें; एका रुपयास एकवचनी आणि अनेकांस अनेकवचनी रूप असतें हें विसरूं नये. लक्ष किंवा कोटी हा शब्द आंकड्यामागून आला तरी चिन्ह आपली जागा सोडीत नाहीं. वाक्याचा आरंभ रकमेनें होत असेल तर ती अक्षरांत लिहिणें शोभतें. कोष्टक असेल तर मथळ्यांत एकदां ‘रुपये’ लिहावें, प्रत्येक ओळींत चिन्हांचें तोरण बांधूं नये. ‘/-’ ही खूण हातानें लिहिलेल्या पावतीवर राहूं द्यावी. छापील निबंधांत तिला काम नाहीं. आणि मराठी लिहितांना सलग मजकुरांत ‘५० रुपये’ किंवा ‘पन्नास रुपये’ हाच क्रम ठेवावा. ‘₹ ५०’ हें किंमतीच्या पाटीस, पावतीस व कोष्टकास योग्य. ‘५० ₹’ हें मात्र कोणत्याच पंक्तींत बसत नाहीं. बोलण्याचा क्रम ठेवावयाचा तर बोलण्यांतला शब्दच लिहावा. अर्धें वाणीचें आणि अर्धें वहीचें असें मिश्रण दोहोंचाही गुण घालवितें.

येथें लेख संपविला असता, तर हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न आहे असा वाचकांचा समज झाला असता. परंतु ज्या दोन तालुक्यांपासून आम्ही आरंभ केला, तेथें रक्कम कशी लिहिली जाते ह्यावर कित्येकांचें वर्ष अवलंबून असतें. दिवाळी झाली कीं तेथल्या कातकरी वाड्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात. जाण्याआधीं उचल घेतात. उचलीचा आंकडा कोणाच्या तरी वहींत पडतो, आणि पावसाळ्याच्या तोंडीं हिशेब होईपर्यंत त्या आंकड्यापुढें त्या माणसाचें कांहीं चालत नाहीं. १९७६ सालच्या कायद्यानें वेठबिगारी नष्ट केली. तत्पूर्वीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत, डहाणू-तलासरीकडे, लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं वारली माणूस ‘लग्नगडी’ होऊन राबत असे, आणि त्याविरुद्ध १९४५ सालीं वारल्यांचा उठाव झाला. त्याहीपूर्वीं, १८७५ सालीं, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतून शोधून काढले ते कर्जरोखे. त्यांचा राग कागदावर होता, कारण कागदावर काय आहे हें त्यांस वाचतां येत नव्हतें. पुढें १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें असे दस्त सरकारी गांव-निबंधकासमोर व्हावेत अशी तरतूद केली.

अशा माणसाच्या दृष्टीनें चिन्ह डावीकडे आहे कीं उजवीकडे, याला अर्थ नाहीं. डावी बाजू चिन्हानें बुजविली आणि उजवी रेघेनें बुजविली, तरी मुळांतच आंकडा चुकीचा पडला असेल तर दोन्ही राखणदार चोराच्याच मालाची राखण करतात. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यांतील अठराव्या कलमानें असें ठरविलें आहे कीं, अक्षरी रक्कम व आंकडा यांत फरक पडल्यास अक्षरी रक्कम खरी मानावी. फार शहाणपणाचा नियम आहे. कारण अक्षरें सहजासहजीं वाढवितां येत नाहींत. पण तोही नियम ज्याला अक्षर येतें त्याच्याच हातांतलें हत्यार आहे.

ह्यापुढची पायरी उषवदाताच्या लेखांत आहे. नाण्याचें नांव, अक्षरी रक्कम आणि आंकडा, इतकें लिहूनही त्याचें समाधान झालें नाहीं. हें सारें नगराच्या सभेंत वाचून ऐकविलें आणि नंतर फलकावर नोंदविलें, असें त्या लेखांत शेवटीं सांगितलें आहे. आधीं श्रवण, मग नोंद. रकमेचें अखेरचें संरक्षण चिन्हांत नाहीं, आंकड्यांत नाहीं, अक्षरांतही नाहीं. तें चार माणसांसमोर मोठ्यानें उच्चारलेल्या शब्दांत आहे. वही जें लिहिते तें वाणीनें बोलून दाखविलें पाहिजे.

म्हणून आमचें शेवटचें मागणें शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या मुलांकडे आहे. इंग्रजींत चिन्ह कोठें लिहावें हें त्यांनीं अवश्य शिकावें. परीक्षेंत त्याचा उपयोग होईल. पण गांवांत एखादी म्हातारी पावती घेऊन आली, किंवा उचलीच्या कागदावर कोणी अंगठा टेकवूं लागला, तर पुढें होऊन ती रक्कम मराठींत, आंकडा आधीं आणि रुपये मागून, त्यास ऐकूं जाईल अशी वाचून दाखवावी. मग चिन्ह कोणत्याही बाजूस असो.